अकरा नंबरची गाळणी

"कितवी?"

हा मावशीचा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, या-बसा नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की ही हातातला पाना खाली न ठेवता विचारणार, "कितवी?" म्हणजे कितव्या वाटेला निघालात. गावामागच्या डोंगरात, जंगलातून सायकलीच्या चौदा वाटा उतरतात, आणि माणूस त्यातल्या कुठल्या वाटेला निघालाय हे कळल्याशिवाय मावशी ब्रेकला हात लावत नसे. "मला कसलेही ब्रेक चालतील हो," असं कुणी हसत म्हणालं तर ती मान वर करून बघायची. "तुम्हाला चालतील. पण उतार तुम्हाला विचारून येत नाही. कितवी ते सांगा."

ब्रेकमावशी हे नाव तिला गावानेच दिलं. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत छताच्या आकड्यांना पुढच्या चाकाने टांगलेल्या भाड्याच्या आठ सायकली, मधोमध सायकल उंच धरून ठेवणारा लोखंडी स्टँड, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने पाने. मागच्या खोलीत स्टोव्ह, पलंग, एक खुर्ची; खुर्चीवर बसायची सोय नाही, कारण तिथेही कुणाचं तरी चाक टेकवलेलं. दुकान मूळचं वडिलांचं. ते गेले तेव्हा मावशी एकवीस वर्षांची, धाकटा भाऊ बारा वर्षांचा, आणि आई त्याच्याही आधी गेलेली. तेव्हापासून दुकानही तिनेच ओढलं आणि भावालाही. त्याच्या शाळेच्या डब्याला सदानकदा ग्रीसचा वास यायचा म्हणून तो रडायचा. हिने एकदा सांगितलं, "वास येतो तर नाक धरून खा." झालं, रडणं बंद.

तो भाऊ आता बावन्न वर्षांचा आहे. पोट सुटलंय, चष्मा लागलाय, गावाच्या वाटा समितीचा अध्यक्ष आहे. सभेत लोक त्याला अध्यक्षसाहेब म्हणतात. मावशीच्या तोंडी मात्र तो छोट्याच. भर सभेतही छोट्याच.

आता या वाटांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर मावशी एवढी का भडकली ते कळायचं नाही. पूर्वी या डोंगरातून लाकूड ओढून खाली आणायचे. लाकडाची गिरणी बंद पडली आणि ओंडके ओढायच्या त्या वाटा नुसत्या पडून राहिल्या. मावशीचा नवरा जंगलखात्यात रखवालदार होता, त्याला प्रत्येक वाट आपल्या तळहातासारखी माहीत. नवरा, मावशी आणि छोट्या, या तिघांनी सात वर्षं दर रविवारी कुदळ, फावडं आणि पहार घेऊन त्या वाटा सायकलीजोग्या केल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. हौस होती. मग प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पाटी लावली. हिरवी पाटी म्हणजे लेकुरवाळ्यांनी खुशाल जावं. निळी म्हणजे थोडाफार सराव हवा. काळी म्हणजे ज्याला येतं त्यानेच.

काळ्या वाटेबाबत नवऱ्याची एक अट होती, आणि तिथे तो कुणाचं ऐकायचा नाही. वाटेत पुढे जी सगळ्यात वाईट जागा असेल, तितकीच वाईट जागा वाटेच्या तोंडाशी, पहिल्या तीस पावलांत हवी. त्याला हे तिघं गाळणी म्हणायचे. ज्याला गाळणी जमली नाही तो तिथेच उतरणार, जरा ओशाळणार, सायकल ढकलत मागे येणार. गाडी तिथेच उभी असते, बायको-पोरं तिथेच असतात, फार तर गुडघा खरचटतो. "ज्याला पडायचंय त्याला दारात पडू दे, आत नको," असं तो म्हणायचा. ज्या वाटेचं तोंड मुळातच सपाट, तिथे या तिघांनी स्वतः धोंडे लोटून आणून टाकले. अकरा नंबरच्या गाळणीला पुरता महिना लागला होता. पहारीखाली नवऱ्याचं बोट चेंगरलं, नख कायमचं गेलं, पण गाळणी झाली.

अकराला ती हवीच होती. कारण दोन किलोमीटर आत, एका वळणाच्या लगेच पुढे, कमरेएवढी खडकाची पायरी आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दाट झाडं. बगल देऊन जायला जागाच नाही. ज्याला येतं तो मागे सरकून, ब्रेक बोटाबोटाने सोडत ती उतरतो. ज्याला येत नाही त्याने तिथपर्यंत पोचूच नये, म्हणून तर गाळणी. अठरा वर्षांत अकराच्या तोंडाशी शंभर जण तरी पडले असतील. आत एकाचंही हाड मोडलं नाही. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, पण त्याचं हे काम डोंगरात रोज चालू होतं, आणि मावशीला त्याचा अभिमान होता. का नसावा?

मग गावात लॉज आले. एक, दोन, बघता बघता सात. पाहुणे बहुतेक कुटुंबवाले, सगळ्यांना निळी वाट हवी. निळ्या वाटा दोनच, चार आणि सात नंबरच्या, तिथे रविवारी रांग लागायची. अकराचं तोंड मात्र अगदी डांबरी रस्त्याला लागून, गाड्या लावायला मोकळी जागा, समोर सगळी दरी दिसते. अशी मोक्याची वाट काळी राहावी याचं लॉजवाल्यांना फार वाईट वाटायचं. त्यांनी छोट्याच्या डोक्यात भरवलं, की पाहुण्यांना पहिलं दर्शन चांगलं हवं. छोट्याने सभा घेतली, ठराव झाला, एकमताने झाला. तीन दिवस यंत्र आणलं. गाळणीचे धोंडे बाजूच्या चरात लोटले, तोंड सपाट केलं, पुढे जवळजवळ दोन किलोमीटर, पायरीच्या अलीकडच्या वळणापर्यंत, वाट तुळतुळीत करून टाकली. त्यापुढे झाडी दाट, यंत्र आत शिरेना. तेव्हा तिथेच थांबले, काळी पाटी काढली आणि निळी ठोकली.

पायरी होती तिथेच राहिली. नुसती राहिली असती तरी एक वेळ बरं. पूर्वी माणूस तिच्यापर्यंत चाचपडत, सावध होऊन यायचा. आता तो गुळगुळीत वाटेवरून भरधाव येणार आणि वळण घेतल्यावर त्याला ती दिसणार. गाळणी बांधणाऱ्या तिघांपैकी एक जण त्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याने हात वर केला.

मावशीला हे कुणी सांगितलं नाही. गुडघा धरल्यामुळे ती महिनाभर वर गेली नव्हती. "सांगायचं राहून गेलं," असं नंतर सगळे म्हणाले. राहून कसलं गेलं? सांगायची छाती झाली नाही.

पाटी बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुकानात ही गर्दी. एकाची साखळी अडकलेली, एकाच्या चाकातली हवा टिकत नाही, दोघं भाड्याची सायकल मागायला उभे. त्यात एक बाई आणि तिचा नवरा आले. बाई चाळिशीच्या, हसऱ्या, शिवणकाम शिकवणाऱ्या. त्यांनी भाड्याच्या सायकलीचा ब्रेक दोन बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "किती हलका लागतो हो. हात दुखायचे नाहीत." ब्रेकचं असं कौतुक कोण करतं? मावशी खूश झाली.

"आम्ही निळ्या वाटेला चाललोय," बाई म्हणाल्या. "एवढे ब्रेक पुरतील ना?"

"निळ्या वाटेला?" मावशी साखळी ओढता ओढता म्हणाली. "डोळे मिटून जा."

कितवी, ते विचारलं नाही. चाळीस वर्षं ज्या प्रश्नाशिवाय तिने कुणाला दुकानाची पायरी उतरू दिली नाही, तो त्या दिवशी राहिला. निळी म्हणजे चार नाहीतर सात, तिसरी आहेच कुठे?

दुपारी तीनला समितीची जीप दुकानासमोर थांबली. ड्रायव्हरने मागून सायकल काढली. पुढचं चाक मधोमध वाकलेलं, हँडल फिरलेलं. बाईंना दवाखान्यात नेलं होतं, दोन्ही मनगटं मोडली होती.  सायकल हातात घेतल्याबरोबर मावशीने आधी ब्रेक दाबले. दोन्ही लागत होते. मागचं टायर एका जागी घासून पांढरं पडलेलं, म्हणजे बाईंनी ब्रेक दाबला होता, चाक थांबलंही होतं, फक्त फार वेगात आणि फार उशिरा.

"कितवी?" तिने विचारलं.

"अकरा."

"अकरा काळी आहे."

"आता निळी केलीय ना, मावशी," ड्रायव्हर म्हणाला आणि जीभ चावली. "तुम्हाला ठाऊक नाही?"

मावशीने दुकानाला कुलूप लावलं. दुखरा गुडघा घेऊन ती रस्त्याने वर गेली. अकराच्या तोंडाशी नवीकोरी निळी पाटी, खाली सपाट, लोटून झाडून घेतल्यासारखी वाट. चरात धोंडे पालथे पडलेले. त्यातला एक तिने ओळखला, त्याच्यापायीच नवऱ्याचं बोट चेंगरलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथे एकटीच उभी राहून मोठमोठ्याने बोलली, आणि काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, नवरा चमच्याने चहा पाजत होता. डावं मनगट बसेल, उजव्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी म्हटलं होतं. पुन्हा सुई धरता येईल का, या प्रश्नावर त्यांनी विषय बदलला होता. मावशीला बघून बाई एकदम कानकोंड्या झाल्या.

"माफ करा हो," त्या म्हणाल्या, "तुमची सायकल मोडली मी. निळी आहे म्हणजे आपल्याला जमेल असं वाटलं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मावशी बाहेर आली आणि दवाखान्याच्या जिन्यात बसली. ज्याने पाटी लावली तो घरी जेवतोय, आणि जिचे दोन्ही हात मोडले ती माफी मागतेय. माफी, आणि कुणाची? जिने डोळे मिटून जा म्हटलं तिची.

संध्याकाळी दिवेलागणीला छोट्या दुकानात आला. मागच्या खोलीतल्या खुर्चीवरचं चाक उचलून खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि बसला. इकडची तिकडची चौकशी केली, गुडघा कसा आहे विचारलं. मावशी स्टँडवरच्या सायकलीचं वाकलेलं चाक सोडवत होती. 

"ताई, परवा सभा आहे," तो म्हणाला. "अपघात का झाला ते लिहून वर पाठवायचंय. पाटीचं प्रकरण निघालं तर सगळा हंगाम बुडाला म्हणून समज. लॉजवाले मला फाडून खातील."

"मग?"

"मग... सायकलीचं काहीतरी झालं असेल, असं म्हटलं तर निभावून जाईल. ब्रेकमध्ये जरा कमी-जास्त. तू फक्त नाही म्हणू नकोस. तुला कोण काय बोलणार आहे? वय झालं, एखाद वेळी राहून जातं, लोक समजून घेतील. तुझ्याबद्दल सगळ्यांना आदर आहे."

मावशीने पाना खाली ठेवला. चाळीस वर्षांत तिने बोलायच्या आधी पाना खाली ठेवल्याचं छोट्याने पाहिलं नव्हतं.

"आदर आहे म्हणून खापर माझ्यावर फोडायचं?" ती म्हणाली. "छोट्या, माझ्याकडे आहे काय? ही दोन खोल्यांची जागा आणि लोक म्हणतात ते एक नाव. माझ्या ब्रेकच्या भरवशावर माणसं हा डोंगर उतरतात. तूही उतरलास. तेवढं एक आहे माझ्याजवळ, आणि तू तेच मागायला आलास. बरं, आलास तर आलास. आधी मला एक सांग, गाळणी का काढलीस?"

"ताई, ती गाळणी बघूनच पाहुणे परत जायचे."

"त्यासाठीच होती ती, मेल्या."

छोट्या उठला, चाक होतं तसं पुन्हा खुर्चीवर ठेवलं आणि गेला. मावशीने रात्रीचं जेवण केलं नाही. भावाचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त राग स्वतःचा येत होता. कितवी, एवढा एक शब्द. दोन क्षण लागले असते.

सभा बाजारावरच्या मजल्यावर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चौदा वाटांचा नकाशा, टेबलाशी चिटणीस. चिटणीस म्हणजे निवृत्त मास्तर, सभेचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांचं. त्यांची एक खोड होती. कुणीही काहीही बोलो, अध्यक्षाने "लिहा" म्हटल्याशिवाय त्यांचं पेन कागदाला लागत नसे. त्यामुळे समितीच्या वहीत आजवर कुणी भांडलेलं नाही, कुणी चुकलेलं नाही.

मावशी सायकल घेऊनच जिना चढली. वाकलेलं चाक बदललं होतं, हँडल सरळ केलं होतं, ब्रेकला हात लावला नव्हता.

"मावशी, ब्रेक तपासले होते का?" सर्वांत मोठ्या लॉजच्या मालकाने विचारलं. हा गृहस्थ गोड बोलण्यात पटाईत.

"तपासले होते."

"आणि बाई कुठल्या वाटेला निघाल्यात ते विचारलं होतं? तुम्ही नेहमी विचारता म्हणे."

इथे मावशीला खोटं बोलता आलं असतं. विचारलं होतं, एवढं म्हणाली असती तर कोण खोडून काढणार होतं? पण ती सरळ म्हणाली, "नाही विचारलं. ती माझी चूक. विचारलं असतं तर अकरा नंबर ऐकून मी सायकलच दिली नसती."

"बघा, मावशींनी स्वतःच कबूल केलं," मालक खुर्चीत मागे टेकून म्हणाला. "आता आणखी चर्चा कशाला हवी?"

"लिहा," छोट्या हळूच म्हणाला. चिटणीसांचं पेन चालू झालं.

"अर्धं लिहू नका, मास्तर," मावशी म्हणाली. "मी माझी चूक सांगितली, आता तुमची कोण सांगणार? ब्रेक आहेत तसेच आहेत, अपघातानंतर मी त्यांना बोट लावलेलं नाही. वाट निळी आहे असं तुम्ही म्हणता. मग ही सायकल घ्या आणि तुमच्यातल्या कुणीही अकरा उतरून दाखवा. घरची मंडळी न्यायची असतील तर न्या, निळीच आहे."

कुणीच पुढे आलं नाही. एकाची कंबर त्याच सकाळपासून धरली होती. एकाला चक्कर येते. तो गोडबोल्या लॉजवाला म्हणाला, त्याला सायकलच येत नाही; बाकीच्या सहा जणांचंही तेच. सात लॉजवाल्यांनी मिळून डोंगरातल्या वाटा ठरवायच्या, आणि सायकल एकालाही येत नाही, हे त्या दिवशी गावाला कळलं.

"मी उतरतो," छोट्या म्हणाला.

तो उतरू शकतो हे सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी अकरा त्याच्याइतक्या सफाईने कुणी उतरत नव्हतं. सभेचा जीव भांड्यात पडला. ठरलं, की शनिवारी सकाळी अध्यक्ष त्याच सायकलने अकरा उतरतील, समिती खाली वाट संपते तिथे थांबेल, आणि तिथेच इतिवृत्त पुरं होईल.

शनिवारी नऊ वाजता समितीची मंडळी खाली चहाचा थर्मास घेऊन उभी. मावशी त्यांच्यात नव्हती. ती काठी टेकत बाजूच्या आडवाटेने चढून थेट पायरीपाशी गेली होती आणि झाडाला टेकून उभी होती. गुडघा ठणकत होता. त्याहून जास्त काळजी भावाची होती. शिव्या द्यायला ती पुढे असली तरी लहानाचा मोठा तिनेच केलेला. बावन्न वर्षांचा माणूस, दहा वर्षांत या वाटेवर आलेला नाही. आपण चिडून बोललो आणि हा पडला तर? तिने मनाशी दहादा म्हटलं, उतर रे बाबा सायकलवरून, कुणी बघत नाहीये.

मग वरून चाकांचा आवाज आला. फार वेगाने. सपाट केलेल्या वाटेने तो सुटला होता, ती संपली तरी वेग तसाच होता, आणि वळणावर तो झाडांतून एकदम बाहेर आला. वळण आठवणीतलं होतं; पायरी दिसायच्या आधीच त्याने दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक आडवं घसरलं, माती उडाली, आणि सायकल खडकाच्या कडेपासून हातभर अंतरावर थांबली.

ब्रेक लागले होते. छोट्या एक पाय टेकून उभा होता आणि खाली बघत होता. तोंड पांढरंफटक. ते मावशीला झाडापासूनही दिसलं.  मग त्याने सायकलवरून पाय काढला, सायकल खांद्यावर घेतली, एका हाताने झाडाचं मूळ धरलं आणि बसून, सरकत सरकत ती पायरी उतरला.

खाली आल्यावर त्याला मावशी दिसली. दोघांची नजर मिळाली.  त्याने चष्मा पुसला, सायकलवर बसला आणि पुढे गेला.

मावशी आडवाटेने जमेल तशी घाईने उतरली. पोचली तेव्हा मंडळी त्याच्याभोवती जमली होती, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं. छोट्या बोलत होता. तिला येताना पाहून तो क्षणभर अडखळला आणि मग आवाज चढवून म्हणाला, "ब्रेक उत्तम आहेत. माझ्या ताईच्या कामात काडीची खोट नाही. लिहा. वाटही व्यवस्थित आहे. त्या बाईंना सराव नव्हता, एवढंच. लिहा."

"चला मावशी," लॉजवाला म्हणाला, "तुमच्या नावावरचा डाग गेला. गोड शेवट झाला."

चिटणीस थर्मासवर वही ठेवून लिहीत होते. आठवडाभर मावशीला एवढंच तर हवं होतं. तिच्या ब्रेकला कुणी नावं ठेवू नयेत. आता ते वहीत, शाईने, अध्यक्षाच्या तोंडून लिहिलं जात होतं. गप्प राहून घरी गेली असती तर उद्यापासून दुकान पूर्वीसारखं. भाऊही तुटला नसता. त्याने आपल्या परीने तिला वाचवलंच होतं. पण तिचं नाव धुऊन ते मळकट पाणी कुणाच्या अंगावर ओतलं जातंय, ते तिला दिसत होतं. दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेली ती बाई इथे नव्हती. असती तरी तिने पुन्हा माफीच मागितली असती.

"छोट्या," मावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. "पायरीवर तू सायकलवरून का उतरलास?"

थाप मारणारा हात मागे गेला. सगळे छोट्याकडे बघू लागले. तिथे काय झालं ते त्या दोघांशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. नाही उतरलो, एवढे दोन शब्द म्हणाला असता तर अध्यक्षाचा शब्द विरुद्ध म्हातारीचा शब्द, आणि निकाल काय लागला असता ते सांगायला नको. त्याने मातीने माखलेल्या स्वतःच्या पँटकडे बघितलं.

"भीती वाटली, ताई," तो म्हणाला. "ब्रेक लागले, तरी भीती वाटली. मला ती वाट माहीत आहे म्हणून मी उतरलो."

"हे घरातलं बोलणं झालं," लॉजवाला घाईने म्हणाला. "मास्तर, हे लिहायचं कारण नाही."

चिटणीसांनी पेन वर धरून अध्यक्षाकडे बघितलं. नेहमीची सवय.  मावशीने मध्ये तोंड घातलं नाही, त्याला घाई केली नाही, नुसती बघत राहिली.

"लिहा," छोट्या म्हणाला.

"कोणत्या शब्दांत लिहू?" चिटणीसांनी विचारलं. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल.

छोट्याने मावशीकडे बघितलं, तेव्हा तिने सांगितलं. "लिहा मास्तर. अध्यक्ष पायरीवर सायकलवरून उतरले, कारण ती वाट त्यांना माहीत होती. आणि त्या बाई उतरल्या नाहीत, कारण त्यांनी आपली निळी पाटी वाचली होती."

चिटणीस सावकाश, वळणदार अक्षरात लिहू लागले, आणि ते पुरं होईपर्यंत तिथून कुणीच हललं नाही.